हायरम पर्सी मॅक्सिम

हायरम पर्सी मॅक्सिम (जन्म : २ सप्टेंबर, १८६९, ब्रुकलिन, न्यू यॉर्क, मृत्यू : १७ फेब्रुवारी, १९३६, ला हुंटा, कोलोरॅडो) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व लेखक होते. बंदुकीचा आवाज मंद करणारे, बाजारात यशस्वी ठरलेले पहिले साधन त्यांनी तयार केले. त्याला त्यांनीच सायलेन्सर हे नाव दिले. हौशी रेडिओचालकांची अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. मॅक्सिम तोफेचे जनक सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील आणि स्फोटक द्रव्यांचे संशोधक हडसन मॅक्सिम हे त्यांचे काका. मोटार, रेडिओ, हौशी चित्रपट अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी काम केले असले, तरी जगाने त्यांना मुख्यतः सायलेन्सरमुळे ओळखले. निशाणेबाजीची आवड असलेल्या सामान्य माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास न देता सराव करता यावा, हा या साधनामागील हेतू होता. पुढे मात्र तेच साधन मारेकऱ्याचे हत्यार म्हणून बदनाम झाले.

घराणे आणि बालपण

वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मेन राज्यातील सँगरव्हिल या खेड्यातले. शिक्षण बेताचे, पण कारागिरी असामान्य होती. पर्सी हे त्यांचे व जेन बडन यांचे थोरले अपत्य. त्यांच्या पाठीवर फ्लॉरेन्स व ॲडलेड या दोन बहिणी झाल्या. १८८१ च्या सुमारास वडील विजेच्या दिव्यांसंबंधीच्या कामासाठी युरोपात गेले आणि पुढे लंडनमध्येच स्थायिक झाले. तेथे त्यांनी दुसरा संसार थाटला. बारा वर्षांचा मुलगा, त्याच्या दोन बहिणी आणि आई अमेरिकेतच राहिली. पितापुत्रांमधला हा दुरावा पुढे कधीच पूर्णपणे भरून निघाला नाही.

लंडनमध्ये १८८४ च्या सुमारास वडिलांनी स्वयंचलित तोफ सिद्ध केली. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावरच पुढचे काडतूस भरले जाईल, अशी तिची रचना होती. १८९३ मध्ये माताबेले लोकांविरुद्ध, १८९८ मध्ये सुदानातील ओमदुरमान येथे आणि १९०४ मध्ये तिबेटवरील मोहिमेत ब्रिटिशांनी ही तोफ वापरली आणि प्रत्येक ठिकाणी माणसे शेकड्यांनी वा हजारांनी मारली गेली. वडिलांना १९०१ मध्ये सर हा किताब मिळाला. मात्र वर्षानुवर्षे तोफांच्या चाचण्या घेतल्यामुळे त्यांच्या कानांवर परिणाम झाला आणि उतारवयात ते जवळजवळ बहिरे झाले. धुळे जिल्ह्यातील सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील तांबटांप्रमाणे ज्यांचा दिवस धातूवरील ठोक्यांच्या आवाजात जातो, त्यांना अशा बहिरेपणाचे कारण वेगळे सांगण्याची गरज नाही. वडिलांच्या बहिरेपणावरूनच मुलाला सायलेन्सर सुचला, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु दोघे एकमेकांपासून किती दूर राहिले हे पाहता, त्यांच्यात असा थेट संबंध जोडणे धाडसाचे आहे.

शिक्षण आणि मोटारगाडीचे दिवस

पर्सी यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील यंत्रकलेचा अभ्यासक्रम १८८६ मध्ये पूर्ण केला. त्या वेळी त्यांचे वय पुरते सतरा वर्षांचेही नव्हते. काही ठिकाणी नोकरी केल्यानंतर ते लिन येथील अमेरिकन प्रोजेक्टाइल कंपनीत दाखल झाले. तोफगोळे बनवणाऱ्या या कारखान्यात असतानाच, १८९२ मध्ये, सायकलला लहानसे इंजिन बसवले तर पायडल मारण्याचे कष्ट वाचतील हा विचार त्यांच्या मनात आला. पेट्रोलवर चालणारे इंजिन त्यांनी तोवर पाहिलेही नव्हते. तोफगोळ्याच्या एका रिकाम्या काडतुसात पेट्रोलचा थेंब टाकून त्यांनी पेटती काडी आत सोडली आणि झालेल्या स्फोटावरून त्या द्रवातील शक्तीचा अंदाज बांधला. त्यानंतर तीन वर्षे खपून त्यांनी एक इंजिन तयार केले व ते तीनचाकी सायकलीवर बसवले.

१८९५ मध्ये हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना आपल्या मोटार विभागात घेतले. ही कंपनी कोलंबिया सायकलींसाठी प्रसिद्ध होती. तिचे मालक कर्नल अल्बर्ट पोप यांचा ओढा विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे होता. स्फोट होत असलेल्या यंत्रावर लोक आपणहून बसणार नाहीत, असे त्यांना वाटे. त्यामुळे कंपनीने विजेच्या गाड्या जास्त बनवल्या, पण पेट्रोलवरील मॅक्सिम यांचे प्रयोग चालूच राहिले. १८९९ मध्ये कनेटिकटमधील ब्रॅनफर्ड येथे झालेली शर्यत त्यांनी स्वतः बनवलेल्या गाडीने जिंकली. त्याच्या आदल्या वर्षी मेरीलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांना हायरम हॅमिल्टन हा मुलगा व पर्सी ही मुलगी अशी दोन अपत्ये झाली.

त्या काळातील मोटारींचा आवाज भयंकर असे. रस्त्यावरचे घोडे बुजत आणि लोक शिव्या देत. आवाज कुठून येतो व तो कसा अडवायचा, हा प्रश्न मॅक्सिम यांच्यासमोर येथेच प्रथम उभा राहिला. मोटारीचा मफलर मॅक्सिम यांनी शोधला असे मराठीतही कुठे कुठे वाचायला मिळते, पण ते बरोबर नाही. इंडियाना राज्यातील रीव्हज बंधूंनी १८९७ मध्येच मफलरचे पेटंट घेतले होते. मॅक्सिम यांनी तेच तत्त्व बंदुकीला लावले आणि त्यात यश मिळवले.

सायलेन्सरचा शोध

बंदुकीचा आवाज म्हणजे खरे तर दोन आवाजांची बेरीज असते. दारू जळून तयार झालेला तप्त वायू प्रचंड दाबाखाली नळीच्या तोंडातून एकदम बाहेर पडतो, तेव्हा धमाका होतो. हा पहिला आवाज. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, जास्त असेल तर ती हवेतून जाताना चाबूक ओढल्यासारखा कडाका होतो. हा दुसरा आवाज. पहिला आवाज नळीच्या तोंडाशी अडवता येतो. दुसरा अडवणे शक्य नसते, कारण तो गोळीबरोबरच पुढे जात असतो.

न्हाणीच्या टबातील पाणी भोवऱ्यासारखे फिरत सावकाश खाली जाताना पाहून मॅक्सिम यांना युक्ती सुचली, असे सांगितले जाते. वायूलाही असेच गरगर फिरवत ठेवले तर तो एकदम बाहेर न पडता हळूहळू थंड होत निघेल, हा त्यांचा विचार. नळीच्या तोंडावर बसवायच्या एका दंडगोलात त्यांनी वक्र पडद्यांची रांग ठेवली. गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाई आणि वायू पडद्यांच्या मधल्या पोकळ्यांत अडकून फिरत राही. युरोपात असे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते, पण दुकानात जाऊन विकत घेता येईल असे साधन प्रथम मॅक्सिम यांनीच दिले. ३० मार्च, १९०९ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. १९१० च्या नमुन्यात त्यांनी गोळीचा मार्ग दंडगोलाच्या मध्यावर न ठेवता वरच्या बाजूला ठेवला. त्यामुळे नळकांडे नळीच्या खाली लोंबते राहून माशीवरून नेम धरताना आड येत नसे. बदल दिसायला किरकोळ, पण तो करणारा माणूस स्वतः निशाणेबाज होता हे त्यावरून लगेच कळते.

हौशी निशाणेबाज आणि .२२ रिमफायर

सायलेन्सरचा खरा संसार जमला तो .२२ रिमफायर काडतुसाशी. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या टोपीत असते. रिमफायर काडतुसात ते बुडाच्या कडेत भरलेले असते आणि टाचणी कडेवर आदळली की पेटते. हे काडतूस आकाराने लहान व किमतीने स्वस्त असून त्याचा धक्काही जवळजवळ जाणवत नाही. .२२ लाँग रायफल हा त्याचा आज सर्वत्र चालणारा प्रकार मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणला. त्यात दारू अगदी थोडी असल्याने तयार होणारा वायूही थोडा, आणि तो लहानशा नळकांड्यात सहज सामावतो.

पिस्तुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जुळून येते. रायफलीच्या लांब नळीत जी .२२ गोळी ध्वनीचा वेग ओलांडते, तीच पिस्तुलाच्या आखूड नळीतून बरेचदा त्या वेगाच्या आतच राहते. म्हणजे वर सांगितलेला दुसरा आवाज मुळात निर्माणच होत नाही. उघड्या पिस्तुलाचा धमाका कानाजवळ १५० डेसिबलच्या आसपास जातो. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाजही कानाला इजा करू शकतो, असे मानले जाते. चांगला सायलेन्सर हा आवाज २० ते ३५ डेसिबलने उतरवतो. तेव्हा चित्रपटात ऐकू येते तशी हलकी फुसफुस होत नाही, पण कान सुरक्षित राहतात आणि भिंतीपलीकडचा शेजारी दचकत नाही. रिव्हॉल्व्हरवर मात्र या साधनाचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्या फिरत्या चाकात आणि नळीत बारीक फट असते, आणि वायू तेथूनच निसटतो.

मॅक्सिम यांच्या कंपनीने .२२ च्या ग्राहकांवरच भर दिला. शिकार व खेळांच्या मासिकांतून जाहिराती येत. टपालाने आणि हत्यारांच्या सामान्य दुकानांतूनही माल विकला जाई. त्यासाठी कोणताही परवाना लागत नसे. ग्राहकांनी आपापले अनुभव कळवावेत असे कंपनी आवाहन करी आणि त्या अनुभवांची पुस्तिका मागेल त्याला मोफत पाठवी. घराच्या तळघरात किंवा परसात संध्याकाळी निवांतपणे नेमबाजी करता येणे, हे या साधनाचे मोठे आकर्षण होते. नवशिक्यांना त्याचा आणखी एक फायदा होतो. चाप ओढताना धमाक्याच्या भीतीने डोळे मिटणे व हात झटकणे हा शिकाऊ नेमबाजाचा सर्वांत मोठा दोष असतो. आवाज गेला की भीतीही जाते, आणि हात स्थिर होतो. नळीच्या टोकावरचे वजन पिस्तुलाला उसळू देत नाही, याचाही उपयोग होतो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलीवरही मॅक्सिम यांचा सायलेन्सर होता. अर्थात ती मोठ्या काडतुसाची रायफल होती.

रिमफायर पिस्तुलावर सायलेन्सर वापरणाऱ्यांना जाणवणारे गुणदोष शंभर वर्षांत फारसे बदललेले नाहीत. पहिली गोळी नंतरच्या गोळ्यांपेक्षा मोठ्याने वाजते, कारण नळकांड्यातल्या हवेतील प्राणवायू पहिल्या ज्वाळेबरोबर जळतो व नंतर तो उरत नाही. स्वयंचलित पिस्तुलात दाब मागे येऊन धूर व काजळी नेमबाजाच्या तोंडावर येते. आणि .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असल्याने आतील पडद्यांवर शिशाचे थर साचतात. ते वेळोवेळी खरवडले नाहीत तर नळकांडे शिशाने जड होऊन बसते. म्हणूनच रिमफायरसाठी बनवलेले सायलेन्सर पुढे उघडून साफ करता येतील असे बनू लागले.

विरोध आणि कायदा

विरोध लवकरच सुरू झाला. वन्यजीवांच्या रक्षणासाठी झटणाऱ्यांना चोरट्या शिकारीची धास्ती वाटली. गोळीचा आवाजच आला नाही तर रखवालदाराला सुगावा कसा लागणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. वृत्तपत्रांनी खुनाच्या कल्पित कथा रंगवल्या. काही अमेरिकी राज्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वीच बंदी घातली. मॅक्सिम यांनी आपली बाजू मांडली, तरी भीती ओसरली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांच्या कंपनीने बंदुकीच्या सायलेन्सरांकडून लक्ष काढून घेतले आणि इंजिने, कंप्रेसर व कारखान्यांतील धुराड्यांचा आवाज मंद करणारी यंत्रे बनवण्यास सुरुवात केली. या व्यवसायात तिचा चांगला जम बसला.

२६ जून, १९३४ रोजी अमेरिकेत राष्ट्रीय शस्त्र कायदा झाला. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांमुळे तो करावा लागला होता. संसदेतील चर्चा प्रामुख्याने मशीनगन व आखूड बंदुकांभोवती फिरली. सायलेन्सर मात्र फारशा चर्चेविना त्याच यादीत गेला. प्रत्येक सायलेन्सरची नोंदणी आणि २०० डॉलर कर, अशी तरतूद झाली. सायलेन्सरची मूळ किंमत काही डॉलर होती, हे लक्षात घेतले की हा कर प्रत्यक्षात बंदीच होती, हे पटते. तळघरात नेमबाजी करणारा साधा ग्राहक त्यामुळे बाजारातून नाहीसा झाला. मॅक्सिम यांच्या हयातीतच हे घडले.

सायलेन्सरविषयीचा संशय पुढच्या काळात आणखी गडद झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्याने हाय स्टँडर्ड कंपनीचे .२२ रिमफायर पिस्तूल सायलेन्सरसह वापरात आणले. १ मे, १९६० रोजी सोव्हिएत हद्दीत पाडल्या गेलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स याच्याजवळ असेच पिस्तूल सापडले आणि त्याचे मॉस्कोत प्रदर्शन झाले. खेळासाठी जुळून आलेली जोडी हेरांनाही तितकीच सोयीची ठरली, हे नाकारता येत नाही.

निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहिले. नॉर्वे व फिनलंडमध्ये सायलेन्सर वापरणे हे शेजाऱ्यांविषयीच्या सौजन्याचे लक्षण मानले जाते. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज वा ज्वाला कमी करणाऱ्या साधनांचा समावेश आहे. म्हणजे पिस्तूल जवळ नसताना नुसता सायलेन्सर बाळगणे हेही कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र बाळगण्यासारखे आहे. भारतातील .२२ नेमबाजी नेमबाजी केंद्रांवर, कानांना संरक्षक लावून चालते. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात जे सुवर्णपदक मिळवले, ते याच .२२ रिमफायर काडतुसावर.

मराठीत सायलेन्सर हा शब्द मात्र बंदुकीऐवजी मोटारसायकलीशी जोडला गेला आहे. मुंबई–आग्रा महामार्गावरच्या सोनगीरसारख्या गावात गॅरेजवाल्याकडे सायलेन्सर मागितला तर तो फटफटीची धुराची नळीच काढून देईल. मॅक्सिम यांच्या कल्पनेचा उगम पाहता हा अर्थही काही चुकीचा नाही.

रेडिओ, चित्रपट व लेखन

मुलाच्या नादाने मॅक्सिम वयाच्या चाळिशीत बिनतारी संदेशवहनाकडे वळले. त्यांचे केंद्र हार्टफर्डमध्ये होते. १९१४ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी चालकाशी त्यांचा संपर्क होईना. तेव्हा वाटेतल्या विंडसर लॉक्स येथील एका चालकाने निरोप पुढे पोहोचवला. एकाने ऐकून दुसऱ्याला द्यावे, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी साखळी देशभर बांधता येईल हे त्यांच्या ध्यानात आले. हार्टफर्ड रेडिओ क्लबपुढे त्यांनी ही योजना मांडली आणि क्लॅरेन्स टस्का या अठराएक वर्षांच्या तरुणाला बरोबर घेऊन अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. क्यूएसटी हे मासिक डिसेंबर १९१५ मध्ये निघाले. त्यात म्हातारा या अर्थाच्या टोपणनावाने येणारे खुसखुशीत लेख मॅक्सिम यांचे आहेत, हे वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

पहिल्या महायुद्धात सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा सुरू व्हावीत म्हणून मॅक्सिम यांनी वॉशिंग्टनला खेपा घातल्या आणि १९१९ मध्ये बंदी उठली. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पाठवलेल्या पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश पकडले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषणही झाले. १८ एप्रिल, १९२५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला व मॅक्सिम त्याचे पहिले अध्यक्ष झाले. हाच दिवस आता जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो.

घरगुती चित्रपटकॅमेरा हाती येताच त्यांनी १९२६ मध्ये हौशी चित्रपटकारांचाही संघ काढला. पृथ्वीबाहेरील जीवसृष्टी हा त्यांच्या कुतूहलाचा आणखी एक विषय होता व त्यावर त्यांनी १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. मात्र त्यांचे सर्वांत वाचनीय लेखन वडिलांवरचे आहे. ए जिनिअस इन द फॅमिली हे पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंब सोडून गेलेल्या बापाविषयी लिहिताना मुलाने कडवटपणा येऊ दिलेला नाही. लहानपणीचा विक्षिप्त, थट्टेखोर आणि अफाट बुद्धीचा माणूसच त्यात दिसतो. या पुस्तकावरून १९४६ मध्ये सो गोज माय लव्ह हा चित्रपट निघाला. मोटारीच्या आरंभकाळावरील आठवणींचे पुस्तकही त्याच सुमाराचे.

मृत्यू आणि स्मृती

फेब्रुवारी १९३६ मध्ये मॅक्सिम पत्नीसह ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळा पाहण्यास आगगाडीने निघाले होते. प्रवासात ते आजारी पडले. कोलोरॅडोतील ला हुंटा येथे त्यांना उतरवून रुग्णालयात नेण्यात आले व तेथेच १७ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना मेरीलँडमधील हेगर्सटाउन येथे पत्नीच्या माहेरच्या गावी दफन करण्यात आले.

त्यांचे रेडिओ संकेतनाव डब्ल्यू १ ए डब्ल्यू हे लीगने आपल्या स्मारक केंद्रासाठी कायम राखले. कनेटिकटमधील न्यूइंग्टन येथून हे केंद्र आजही प्रक्षेपण करते. ओल्ड बेट्सी या नावाने ओळखले जाणारे त्यांचे ठिणगी पाडणारे प्रक्षेपकयंत्र लीगच्या मुख्यालयात ठेवलेले आहे. कारखान्यांसाठी बनणाऱ्या सायलेन्सरांवरही मॅक्सिम हे नाव आजतागायत चालत आले आहे.